शेवंड तिकडे, चिंबोरी इकडे

मावसभाऊ कॅलिफोर्नियातून सांगत होता, रात्री स्कूबा करून दोन शेवंडी, म्हणजे लॉबस्टर, धरल्या. तिथे बुडी मारून धरायच्या तर जाळं, भाला काही चालत नाही, नुसता हात. आणि कवच सव्वातीन इंच भरलं नाही की जागीच सोडायची. मलाही चेव आला. अमावस्या होतीच, काकांबरोबर दिवाळे गावच्या खाडीत फग, म्हणजे खेकड्यांची जाळी, लावायला गेलो. गुडघाभर चिखल, डोक्याला टॉर्च, डासांचं तर विचारूच नका. पहिलीच चिंबोरी, म्हणजे खेकडी, मागून धरायची सोडून पुढून धरली. तिचा डेंगा, म्हणजे नांगी, असा बसला की अंगठ्याचं नख काळंनिळं. शेवंडीला निदान डेंगे तरी नसतात!

काकांनी टॉर्च मारला. "पिल्लू हाय रं, सोड तिला."

रस्सा झाला तो काकांच्या चिंबोऱ्यांचा. मी डाव्या हाताने जेवलो.