सहसंस्थापिकेची स्मृतिशिला उभारताना

आमच्या वारसा संवर्धन संस्थेची स्थापना ज्या दोघांनी केली, त्यांपैकी एका बाईंच्या कबरीवर स्मृतिशिला उभारण्याचे काम संस्थेने माझ्याकडे सोपवले. संस्थेला बाईंविषयी कितीही आदर असला, तरी कबरीवर काय उभे राहावे हे ठरवण्याचा अधिकार त्या जागेचा हक्क ज्यांच्या नावे असतो त्यांचा आहे, हे दफनभूमीच्या व्यवस्थापकांनी सुरुवातीलाच स्पष्ट केले. त्यामुळे निधी जमवण्याआधी मी बाईंच्या कुटुंबीयांची लेखी संमती घेतली आणि शिळेचे माप, मजकूर व पायाचा आराखडा जोडून रीतसर अर्ज केला.

काही सभासदांना दुरूनही दिसेल असे उंच स्मारक हवे होते, तर कुटुंबीयांचा आग्रह होता की शिळा शेजारच्या शिळांहून उंच नसावी. मला कुटुंबीयांचे म्हणणे पटले. ब्रिटनच्या नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या सहसंस्थापिका ऑक्टेव्हिया हिल यांच्या दफनासाठी १९१२ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीचा, म्हणजे राजेराण्या आणि थोर व्यक्तींच्या कबरी असलेल्या लंडनमधील चर्चचा, प्रस्ताव आला होता. तरीही त्यांच्या इच्छेनुसार क्रॉकहॅम हिल या गावातील चर्चच्या आवारातच त्यांना दफन करण्यात आले. हे उदाहरण मी बैठकीत मांडले आणि उंचीचा विषय तेथे मिटला.

सर्वाधिक वेळ मजकुराने घेतला, आणि तो तसा घ्यावाच असे माझे मत आहे, कारण दगडावर कोरलेली चूक पुढच्या पिढ्या पुरावा म्हणून वाचतात. जन्ममृत्यूच्या तारखा मी मूळ दाखल्यांवरून आणि बाईंचा स्थापनेतील वाटा पहिल्या सभेच्या इतिवृत्तावरून पडताळला. केवळ ‘संस्थापिका’ लिहावे ही सूचना मी स्वीकारली नाही. दुसऱ्या संस्थापकांचे श्रेय पुसणे बाईंना स्वतःला कधीच रुचले नसते.

संगमरवर प्रथम देखणा दिसतो, परंतु त्यातील कॅल्साइट हे खनिज आम्लयुक्त पावसाने हळूहळू विरघळते आणि बारीक अक्षरे बोथट होतात, म्हणून आम्ही ग्रॅनाइट निवडला. दफनानंतर माती खचत राहते. ती बसेपर्यंत थांबूनच पाया घातला. शिळा आणि तिच्याखालची दगडी बैठक जोडण्यासाठी पाथरवटाने स्टेनलेस स्टीलच्या सळ्या वापरल्या, कारण साधे लोखंड गंजून फुगते आणि दगड आतून फोडते. जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीत बाई ज्या गोष्टींसाठी हट्ट धरत, त्यांत हीही एक होती.

शिळा बसल्यावर देखभालीची लेखी सूचना संस्थेच्या दप्तरात ठेवली: स्वच्छ पाणी आणि मऊ ब्रश एवढेच वापरावे, आम्ल किंवा तारेचा ब्रश कधीही नको, दगडावर वाढणारे दगडफूल (लायकेन) खरवडून काढू नये. परवानगीपत्र, आराखडा आणि मजकुराचे पुरावे त्याच फाइलमध्ये आहेत, आणि त्यांची एक प्रत कुटुंबीयांकडे दिली आहे.