तुम्ही विचारलंत म्हणून: पंखा बिघडणार हे कॉम्प्युटरला आधीच कसं कळतं?

इंदूरात कुणाकडे मुंज असो नाहीतर गणपतीची आरती, मी काय काम करतो हे एकदा कुणाला कळलं की प्रश्न ठरलेला: "देवासच्या टेकड्यांवर ते पवनचक्क्यांचे पंखे दिसतात ना, ते बंद पडायच्या आधीच तुमच्या कॉम्प्युटरला कळतं म्हणे, ते कसं काय रे बुवा?" मागून एखादे काका हमखास, "मग आमच्या इन्व्हर्टरचंही सांग की!" दर वेळी हातात प्लेट असते त्यामुळे उत्तर अर्धंच राहतं, तर आज नीट लिहितो.

पहिलं म्हणजे त्याला भविष्य वगैरे काही कळत नाही. घरच्या फ्रिजचं बघा, कॉम्प्रेसर कसा चालतो हे आपल्याला ठाऊक नसतं, पण वर्षानुवर्षं ती घरघर कानावर पडलेली असते, मग एक दिवस आवाज बदलला की आई स्वैपाकघरातून ओरडते, "अरे याला काहीतरी झालंय." काय झालंय ते तिला माहीत नसतं. मशीन लर्निंगही इथे तेवढंच करतं, फक्त कानाऐवजी आकडे.

आकडे कुठले, तर पाती फिरतात मिनिटाला जेमतेम १५-१८ वेळा आणि मागच्या जनरेटरला लागतात १५०० च्या आसपास फेरे, म्हणून मधे गिअरबॉक्स. (गिअरबॉक्स नसलेली मशीनंही असतात, ती आज सोडा.) हे सगळं वर ज्या डब्यात असतं तो नॅसेल, आपल्याकडच्या बऱ्याच मशीनांत जमिनीपासून ८० मीटर किंवा त्याहून वर. तिथे जागोजागी सेन्सर: वाऱ्याचा वेग, किती वीज निघतेय, तेलाचं तापमान, बेअरिंगचं तापमान, बाहेरची हवा किती गरम. स्काडा नावाची सिस्टिम यांची साधारण दर १० मिनिटांची सरासरी साठवते, म्हणजे एका पंख्याच्या दिवसाला १४४ ओळी, वर्षाला ५२,५६०. आता मे महिन्यात पारा ४२ वर, पंखा फुल लोडवर आणि बेअरिंग समजा ७० डिग्रीला गेलं तर त्यात विशेष काही नाही, पण तेच ७० जानेवारीच्या रात्री अर्ध्या लोडवर दिसले तर कुठेतरी पाणी मुरतंय. मशीनच्या कंट्रोलरला हा फरक कळत नाही, त्याला एक मर्यादा घालून दिलेली असते, ती ओलांडली की तो मशीन ट्रिप करतो, म्हणजे आपोआप बंद पाडतो, आणि तोवर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

म्हणून मॉडेलला, म्हणजे आकड्यांवरून शिकणाऱ्या त्या प्रोग्रॅमला, तब्येत ठणठणीत असतानाचा निदान वर्षभराचा डेटा दाखवायचा, सगळे ऋतू यायला हवेत, त्यातून ते शिकतं की इतका लोड, इतकी हवा, इतके फेरे असले तर तापमान किती हवं. मग खऱ्या तापमानातून हे अपेक्षित तापमान वजा करायचं. हा फरक शून्याच्या आजूबाजूला नाचत असतो. तो आधी २, मग ३, मग ५ डिग्री वर चढून तिथेच बसला की मी साइटला फोन लावतो.

आणि खरी गंमत तिथून पुढे. तिथला पोरगा हार्नेस घालून शिडीनं वर चढतो, आणि बरेचदा निघतं काय, तर तेलाच्या कूलरच्या जाळीत माळव्याची धूळ आणि काडीकचरा! ब्रश मारला, हवा मारली, फरक परत शून्यावर. कधी तर सेन्सरची वायरच ढिली असते. कधी मात्र तेलाचा फिल्टर उघडला की आत चमक दिसते, बोटांत चोळली तर टोचते, चुंबक नेला तर चिकटते, आणि फोनवर "भिया, तेल में बुरादा आ रिया है" एवढं ऐकलं की पुढचा आठवडा गेला समजा. मग बोरोस्कोप, म्हणजे लांब नळीच्या टोकावरचा कॅमेरा, आत घालून गिअरचा दात न् दात बघायचा, कुठला झिजलाय, कुठल्यावर खड्डे पडलेत. मॉडेल "काहीतरी वेगळं आहे" एवढंच म्हणालेलं असतं, काय वेगळं आहे ते वर चढलेला माणूस सांगतो. त्यामुळे "आता माणसं लागणार नाहीत का" असं विचारणाऱ्यांना मी एकदा ती शिडी चढून या म्हणतो, मे महिन्यात.

तापमान तसं उशिरा बोलतं, कंपनं आधी बोलतात. बेअरिंगच्या रिंगवर बारीकसा खड्डा पडला की प्रत्येक रोलर त्यावरून जाताना ठक करतो, आणि रोलर किती, माप काय, शाफ्ट किती वेगानं फिरतोय यावरून ही ठकठक सेकंदाला किती वेळा होईल याचं गणित आधीच मांडता येतं, त्याच आकड्यावर आलेखात सुळका उभा राहिला की समजायचं बेअरिंगमधेच आहे. पण त्यासाठी सेकंदाला हजारो वेळा मोजणारे वेगळे सेन्सर लागतात, १० मिनिटांच्या सरासरीत ती ठकठक पार विरघळून जाते, आणि जुन्या मशीनांवर ते सेन्सर बरेचदा नसतातच. शिवाय वारा बदलला की फेरे बदलतात आणि सुळकाही जागेवरून सरकतो, तो हिशोब वेगळा.

अल्गोरिदम कुठला वापरता, असं कॉलेजची मुलं विचारतात. रँडम फॉरेस्ट, एक्सजीबूस्ट, ऑटोएन्कोडर, सगळं चालतं. माझं मत विचाराल तर एकाच टेकडीवरच्या चार शेजारी पंख्यांचं तापमान एकाच आलेखात टाकून बघितलं तरी अर्धं काम होतं, चौघांना वारा जवळपास तोच, हवा तीच, मग एकटाच का तापतोय? आणि कुणी ९९ टक्के ॲक्युरसी सांगितली तर भुलू नका. समजा गिअरबॉक्स १० वर्षांतून एकदा जातो आणि त्याआधीचा आठवडा आपण "आजारी" धरला, तर सव्वापाच लाखांच्या आसपास ओळींत आजारी ओळी फक्त १,००८. रोज डोळे मिटून "सब ठीक" म्हणणारं मॉडेलही ९९.८ टक्के बरोबर ठरतं. त्यात आजारी कुठल्या ओळी हे ठरवायचं साइटच्या रजिस्टरवरून, आणि तिथे लिहिलेलं असतं "गियर बॉक्स चेक किया, ओके". काय चेक केलं, काय बदललं, देव जाणे. माझा निम्मा वेळ कोडिंगमधे नाही, त्या ओकेचा अर्थ लावण्यात जातो.

मग एवढा खटाटोप कशासाठी? तारखेसाठी. आपल्याकडे वारा खरा वाहतो तो पावसाळ्याच्या मोसमात, तेव्हाच कमाई, आणि वाऱ्याच्या वेगाच्या घनानं ताकद वाढते, म्हणजे वेग दुप्पट तर ताकद आठपट, मग जुलैत पंखा उभा राहिला तर काय जातं ते बघा. गिअरबॉक्स उतरवायला भलीमोठी क्रेन लागते, ती ट्रेलरवर सुटी करून येते, आणि पावसात माळव्याच्या काळ्या मातीत ट्रेलर रुतला की क्रेन ओढायला दुसरी क्रेन. शिवाय जोराच्या वाऱ्यात तेवढ्या उंचीवर काही उचलताच येत नाही. तेच एप्रिलमधे कळलं तर लोड थोडा कमी करून मशीन जपून चालवता येतं, तेल-फिल्टरवर नजर ठेवता येते, पार्ट मागवता येतो, आणि झेपलं तर दिवाळीनंतर वारा पडल्यावर, कोरड्या रस्त्यानं क्रेन नेता येते. दर वेळी जमतं असं नाही, काही बेअरिंगं कुणाचं ऐकत नाहीत.

आता तुमचा पुढचा प्रश्न मला माहितीये: वारा सुटलाय, बाकीचे फिरतायत आणि एकच उभा, म्हणजे तो बिघडलाच ना? तसंच काही नसतं. सर्व्हिसिंग चालू असतं, कधी तेवढ्याच फीडरची (वीज वाहून नेणाऱ्या तारेची) लाइन गेलेली असते, कधी ग्रीडकडून जास्तीची वीज नको म्हणून बॅकडाउनचा निरोप आलेला असतो आणि पाती वाऱ्याला धार दाखवून निवांत उभी असतात. मॉडेललाही हे वेगळं शिकवावं लागतं, नाहीतर मशीन पुन्हा चालू झालं की थंड तेल बघून ते उगाच बोंबलतं, आणि शिडी चढायला लागते त्या पोराला.