नाव काय घालू?

आधार केंद्रातल्या मुलीने आधी फॉर्म बघितला, मग मला. "मॅडम, नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. हे पहिल्यांदाच ना?"

मी मान डोलावली. सोबत आलेली वहिनी म्हणाली, "म्हणजे अजून एक शिल्लक आहे. जपून ठेव हो."

घटस्फोटानंतर चारचौघांत मोठ्याने हसले ती तेव्हाच पहिल्यांदा.

लग्नात माझं नाव बदललं होतं. मे २००९, ठाण्यातलं एक कार्यालय, ताटात पसरलेले तांदूळ आणि त्यावर नवऱ्याने अंगठीने लिहिलेली दोन अक्षरं. माहेरचं नाव चार अक्षरी. (दोन्ही इथे लिहीत नाही. दोन्ही तशी छान आहेत, दोष नावांचा नाही.) नाव सासूबाईंनी निवडलं होतं. मला तेव्हा वाईट वाटलं नव्हतं, हे मुद्दाम सांगते, कारण पुढे मी बऱ्याच जणांना वाटलं होतं असं खोटंच सांगितलं. चोवीस वर्षांची होते, उलट गंमत वाटली. नोकरी लग्नानंतर लागली, त्यामुळे पॅन, पगाराचं खातं, पीएफ सगळं दोन अक्षरी नावाने. आधारही २०१२ मध्ये काढलं. आधारच्या लेखी मी जन्मलेच ऐरोलीत, सून म्हणून.

नोव्हेंबर २०२१ मध्ये मी ऐरोलीहून भावाकडे ठाण्याला आले. मारहाण नव्हती, व्यसन नव्हतं, दुसरी बाई नव्हती. मूल नव्हतं, पण तेही कारण नव्हतं. शेवटची पाच-सहा वर्षं आम्ही गॅस सिलिंडर, सोसायटीचा मेंटेनन्स आणि त्याच्या आईच्या गोळ्या एवढ्याच विषयांवर बोलत होतो. लोक विचारायचे, "मग सोडलंस का?" आणि माझ्याकडे सांगण्यासारखं कारणच नसायचं. वाईट माणसाला सोडून येणाऱ्या बाईला निदान ऐकणारे तरी मिळतात. मी ऑफिसात काही दिवस चक्क त्याला थोडा वाईट करून सांगत होते. त्याची लाज मला पुढे बरीच पुरली.

त्या काळात 'मूव्ह ऑन कर' हा सल्ला मला इतक्यांनी दिला की मोजणं सोडलं. सकाळच्या लोकलमध्ये मागून पाठीत कोपर रुतवत बाई म्हणते ना, "उतरायचंय? मग पुढे व्हा", अगदी तसाच वाटायचा तो. अहो, पुढे जागा असेल तर होईन ना.

मग कोर्ट. ते मी थोडक्यात सांगते, कारण तिथे खरंच फार काही घडलं नाही. हिंदू विवाह कायद्याचं कलम १३ बी, परस्पर संमतीने. किमान वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं. दोघांनी मिळून अर्ज करायचा, सहा महिने थांबायचं, मग पुन्हा दोघांनी येऊन अजूनही हेच हवंय असं सांगायचं. आम्ही ऑगस्ट २०२३ मध्ये ठाण्याच्या कौटुंबिक न्यायालयात अर्ज केला. वकीलबाई म्हणाल्या, "हे सहा महिने माफ करून घेता येतील. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की ते सक्तीचे नाहीत. तुम्ही अर्जाआधीच दीड वर्षाहून जास्त वेगळे आहात, देणंघेणं मिटलंय, करू अर्ज?" नवरा लगेच हो म्हणाला. मी नको म्हटलं.

बाहेर पायऱ्यांवर वकीलबाईंनी विचारलं, "समेटाची आशा आहे का काही?" नव्हती. तोंडात आलं ते बोलून गेले, "बारा वर्षांचा संसार गेला, त्याचं सहा महिने सुतक तरी पाळू द्या." त्या हसल्या. मी पाळलं मात्र. त्या सहा महिन्यांत कुणाच्या लग्नाला गेले नाही, नवीन साडी घेतली नाही आणि कुणी विचारलं तर "आता नको" एवढंच म्हणत राहिले. मला त्याचा उपयोग झाला. सर्वांना होईल असं नाही. ज्या घरात मार खावा लागतो तिथल्या बाईला एक दिवससुद्धा थांबायला सांगू नये.

संमतीच्या अटींना एक यादी जोडलेली होती. स्त्रीधन. दागिने माझ्याकडेच होते, राहिली होती भांडी. एकतीस नग. पितळी परात, कळशी, ताम्हण, समई, स्टीलचे डबे, मिसळणाचा डबा, सोऱ्या, पुरणयंत्र. वकीलबाई म्हणाल्या, "सोऱ्यासाठी कोर्टाचा कागद कशाला खर्ची घालता?" पण मला यादी पूर्ण हवी होती. तेव्हा मला वाटत होतं की माझं ते सगळं मोजून परत आणलं की हिशेब संपेल. मी अकाउंट्समध्येच आहे, दुसरं काय सुचणार?

मार्च २०२४ मध्ये निकाल लागला. एप्रिलमधल्या एका शनिवारी मी भांडी आणायला निघाले. अडीच वर्षं मी ठाणे स्टेशनच्या त्या पलीकडच्या नऊ-दहा नंबरच्या प्लॅटफॉर्मकडे फिरकले नव्हते. ठाण्याहून सुटलं की पहिलं स्टेशन ऐरोली, हे पायांना पाठ होतं. गाडी थांबली तशी उठले, दारापर्यंत गेले, एक पाय जवळजवळ बाहेर, आणि समोर पाटी: दिघा गाव. जानेवारीत हे स्टेशन सुरू झाल्याचं पेपरात वाचलं होतं, पण लक्षात कुठलं राहायला? दारातली मुलगी म्हणाली, "ऐरोली नेक्स्ट आहे, ताई." परत बसायला जागा नव्हती. उभीच राहिले.

नवरा घरी नसणार हे ठरलं होतं. त्यासाठी सासूबाईंना फोन करताना कोणत्या शब्दाने हाक मारावी ते कळेना, म्हणून हाक न मारताच बोलले होते. दार त्यांनीच उघडलं. म्हणाल्या तेच, दोन अक्षरं. आणि मी ओ दिली.

भांडी हॉलमध्ये जुन्या चादरीवर मांडलेली, पितळ पितांबरीने लख्ख घासलेलं. त्यांचे गुडघे अजिबात वाकत नाहीत, बाई लावून घासली असतील. मी पर्स उघडून यादी काढली तेव्हा मला पहिल्यांदा ओशाळल्यासारखं झालं. पण काढलीच होती, तर मोजत गेलो. त्या एकेक नग उचलायच्या, चष्मा सरकवून कोरलेलं वाचायच्या, "हा तुझ्या आत्याचा. ही मामांकडची कळशी," आणि मी खूण करायची. पुरणयंत्र नव्हतं, शेजारी होळीला नेलेलं, अजून परत आलं नव्हतं. त्या लगेच आणायला निघाल्या. मी म्हटलं, राहू द्या.

मोजणी संपली आणि चादरीवर एक डबा जास्त निघाला. उभट, पितळी, कडीचा. बारा वर्षं मी त्यातले पोहे काढले होते. तळाशी जुन्या वळणाची अक्षरं होती. नाव मला अनोळखी.

"हा आपला नाही. कुणाचा हा?"

"माझा," त्या म्हणाल्या. "माहेरून आणलेला."

"पण नाव?"

"माझंच की. इथे आले तेव्हा बदललं." मग जरा थांबून, "चुकून मांडला गेला," असं म्हणून त्यांनी डबा उचलून आत नेला.

म्हणजे तेही तांदळातच लिहिलं गेलं असणार, पन्नास वर्षांपूर्वी. माझं नाव कोणतं असावं हे ठरवणारी बाई स्वतःचं नाव पोह्यांखाली ठेवून बसली होती आणि मला बारा वर्षांत डबा उपडा करून बघावासा वाटला नव्हता. त्यांनी चहा केला. साखर कमी घातली, मला आवडते तेवढी. आम्ही गुडघ्यांबद्दल बोललो. निघताना वाकून नमस्कार करावा की नाही या घोळात मी पिशवीचे बंद बांधत राहिले, आणि तो राहूनच गेला. तो करायला हवा होता असं मला अजून वाटतं.

नंतरचं सगळं कागदांचं. घटस्फोट झाला म्हणून नाव बदललंच पाहिजे, असं कुठल्याही कायद्यात नाही. लग्नातही नव्हतं. एका बँकेतल्या मॅनेजरने मला हे तीनदा ऐकवलं, बहुधा त्यांचं काम वाचावं म्हणून. करायचंच असेल तर आधी राजपत्र, म्हणजे सरकारी गॅझेट. त्याचा अर्ज आता ऑनलाइन होतो, चर्नी रोडच्या शासकीय मुद्रणालयात खेटे घालावे लागत नाहीत. छापून येतं ते इतकंच: जुने नाव, नवे नाव. माझं 'नवे' होतं १९८५ सालचं. मग आधार, आणि ते हातात आल्यावरच पॅन, कारण दोन्हींवरचं नाव जुळलं नाही की पुढचं सगळं अडकतं. मग बँक. पीएफसाठी तेव्हा मला कंपनीच्या सहीचं जॉइंट डिक्लरेशन, म्हणजे मी आणि कंपनीने मिळून केलेला दुरुस्तीचा अर्ज, द्यावं लागलं. निकालाच्या प्रमाणित प्रती सुरुवातीलाच चार-पाच काढून ठेवा, मी दोनच काढल्या आणि पुन्हा हेलपाटा पडला. एक गोष्ट मात्र आपोआप सुटली. दहावीच्या मार्कशीटला बारा वर्षं विवाहाचा दाखला जोडावा लागायचा. आता आम्ही दोघी पुन्हा एकाच नावाच्या आहोत.

भांडी सहा महिने पलंगाखाली चादरीत बांधलेली होती. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी आई म्हणाली, "एक तर वापर, नाही तर मोडीत घाल. घरात असं गाठोडं नको." मी आणि वहिनी रिक्षाने जांभळी नाक्याला गेलो. दुकानदाराने पितळ वजन केलं आणि स्टीलकडे बघून नाक मुरडलं. नाव घालवता येईल का विचारलं तर म्हणाला, "बफ मारून जाईल ताई, पण खोल कोरलंय. पत्रा पातळ होईल, मग परात कणीक मळताना नाचेल." परात ठेवली. मामांची कळशी ठेवली. बाकीचं दिलं, आणि आलेल्या पैशांत थोडी भर घालून तीन लिटरचा कुकर घेतला. जानेवारीपासून एकटी राहणार होते, तेवढा पुरला असता.

दुकानदाराने कोरायची मशीन सुरू केली. गर्दी होती, त्याने मान वरही केली नाही. "नाव काय घालू?"

मी चार अक्षरं सांगितली. त्याने तिसऱ्या अक्षराची वेलांटी चुकवली. वहिनीने दाखवलं तेव्हा म्हणाला, "आता खोडायचं तर डाग दिसेल."

म्हटलं, राहू द्या.