मामांच्या भांड्यांची जावक-आवक: ॲपशीटवरचा दुसरा महिना

मागच्या नोंदीत लिहिलं होतं की मामांच्या भांडी भाड्याने देण्याच्या दुकानाचं ॲप जवळजवळ तयार आहे. ते मागे घेतो. या महिन्यात सगळी रचना मोडून पुन्हा मांडली.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: ॲपशीट २०२० च्या जानेवारीत गूगलकडे आलं. खाली गूगल शीट, वर फोनवर आणि ब्राउझरमध्ये चालणारं ॲप. कोड लिहावा लागत नाही, सूत्रं मात्र लिहावी लागतात. मध्ये पंधरा दिवस झोहो क्रिएटर हे ॲप बनवायचं दुसरं साधनही वापरलं. त्यातली डिल्यूज भाषा मला फार आवडली, पण मामांच्या मालाची यादी आधीच शीटमध्ये होती, म्हणून इथेच राहिलो.

चूक माझ्या मांडणीत होती. ‘वस्तू’ या तक्त्यात मी ‘शिल्लक’ नावाचा रकाना ठेवला होता. ताटं गेली की वजा, आली की अधिक. आठ दिवसांत आकडा एक सांगायला लागला आणि गोडाऊन दुसरंच. एका लग्नाला ३०० ताटं गेली, २८८ परत आली, ७ दुसऱ्या दिवशी आचाऱ्याच्या टेम्पोत सापडली, ५ गेली ती गेलीच. शिल्लक रकान्याला यातलं काहीच आठवत नाही. मग मामांची वही नीट वाचली. तिच्यात शिल्लक कुठेच लिहिलेली नाही! डावीकडे जावक, उजवीकडे आवक, तारीख, आणि माल कोणाच्या हातून गेला ते. शिल्लक हवी असेल तेव्हा मामा बेरीज करतात.

आता ॲपही तसंच आहे. ‘हालचाल’ नावाचा तक्ता, प्रत्येक जावक-आवकेला एक ओळ. लिहिलेली ओळ बदलायची नाही. चुकली तर उलटी ओळ टाकायची. शिल्लक हा व्हर्च्युअल रकाना, शीटमध्ये तो नसतोच, हिशोब करूनच दिसतो. असे रकाने वाढले की सिंक (फोन आणि शीट यांची जुळवणी) जड होतं, म्हणून दोनच ठेवलेत. आणि ‘की’ म्हणून, म्हणजे प्रत्येक नोंदीची ओळख म्हणून, ओळीचा क्रमांक कधीही घेऊ नका. शीट एकदा सॉर्ट झाली आणि माझ्या परातींच्या नोंदी पातेल्यांना जाऊन चिकटल्या. आता सगळीकडे युनिकआयडी, म्हणजे ॲपनेच प्रत्येक नोंदीला दिलेली वेगळी खूण.

खरा वेळ गेला तो तारखांवर. मामांकडे ८०० ताटं. नवी ऑर्डर घेताना तेवढी मोकळी आहेत का, हे ‘व्हॅलिड इफ’मध्ये (भरलेला आकडा चालेल की नाही ते ठरवणाऱ्या अटीत) तपासायचं. मी आधी सरळ लिहिलं: ज्या ऑर्डरी माझ्या तारखांना कुठेही छेदतात, त्यांची बेरीज ८०० मधून वजा करा. हरिनाम सप्ताहाची ऑर्डर आली, १० ते १६ तारीख, २०० ताटं. १०-११ ला एका लग्नाची ४००, १४-१५ ला दुसऱ्याची ४००. ॲप म्हणालं, एकही ताट नाही. पण ती दोन लग्नं एकमेकांना छेदतच नाहीत! कुठल्याही दिवशी ४००च बाहेर असतात.

दोन रात्री कागदावर रेघा ओढल्यावर लक्षात आलं की सगळ्यात जास्त माल बाहेर असण्याची वेळ कुठल्या तरी ऑर्डरच्या पहिल्या दिवशीच येते. म्हणजे रोजचा दिवस तपासायची गरज नाही, फक्त सुरुवातीच्या तारखा. दुसरा व्हर्च्युअल रकाना त्यासाठीच: ‘या ऑर्डरच्या पहिल्या दिवशी एकूण किती बाहेर’. माझ्या तारखांत सुरू होणाऱ्या ऑर्डरींचे हे आकडे आणि माझ्या स्वतःच्या पहिल्या दिवसाचा आकडा, यांतला सगळ्यात मोठा घ्यायचा. जुनी ऑर्डर दुरुस्त करताना तिचीच जुनी संख्या आधी वगळायची, नाहीतर ती दोनदा मोजली जाते. सप्ताहाची ऑर्डर बसली तेव्हा मी मामींना उठवून दाखवलं.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. गोडाऊनमध्ये रेंज नसते. ॲप ऑफलाइन नोंद धरून ठेवतं आणि नेट आल्यावर पाठवतं, ही सोय मोलाची आहे. पण दुकानातला फोन आणि गोडाऊनमधला फोन त्याच वेळी शेवटची शंभर ताटं देऊ शकतात. सध्या नियम असा की ऑर्डर फक्त दुकानातल्या फोनवर घ्यायची, गोडाऊनमधून फक्त जावक-आवक. तुम्ही कोणी हे बॉट (काही बदललं की ठरलेलं काम आपोआप करणारी ॲपशीटची सोय) लावून सोडवलं असेल तर सविस्तर सांगा. तुळशीच्या लग्नापर्यंत मला हे पक्कं करायचंय, त्यानंतर मामांना फोन खाली ठेवायला फुरसत नसते.