चार बोटं खाली

फणस काढताना झाडावरून पडून मान मोडलेला 24 वर्षांचा पोरगा. इजा सी-सिक्सला, मानेतल्या मज्जारज्जूच्या सहाव्या पातळीवर. म्हणजे खांदे हलतात, कोपर वाकतं, मनगट वर उचलतं. पण कोपर सरळ करणारा ट्रायसेप्स गेलेला, बोटांत जोर नाही. ज्या दवाखान्यातून आला तिथल्या कार्डावर ‘फिजिओथेरपी चालू ठेवणे’ एवढंच. काय चालू ठेवायचं, ते आम्ही ओळखायचं!

खाटेवरून चाकाच्या खुर्चीत सरकायचं तर हातांवर अंग पेलावं लागतं. ट्रायसेप्स नसताना ते कसं पेलायचं? हात मागे न्यायचा, खांदा बाहेरच्या अंगाला फिरवायचा, तळवा टेकायचा आणि खांद्याच्या पुढच्या स्नायूनं दंड पुढे खेचायचा. तळवा जागचा हलत नाही, म्हणून कोपर सरळ होऊन कुलूप लागल्यासारखं बसतं. पण खांदाच फिरला नाही तर सगळं बोंबललं. याचे हात घरच्यांनी महिनोन्‌महिने छातीवर घडी घालून ठेवलेले. खांदा सोडवण्यातच दोन महिने गेले. शिवाय टेकताना बोटं दुमडलेलीच हवीत. मनगट उचललं की ती आपोआप मिटतात, तेवढीच त्याची पकड; बोटं ताणून सैल केली तर तीही जाते. मायेपोटी बोटं ओढओढून सरळ करणारे पाहुणे दिसले की माझं डोकं फिरतं.

बेळगावात आमच्या टेबलावरून तो फळीवर सरकत एकटा खुर्चीत गेला, त्या दिवशी मी पेढे वाटले होते.

परवा खानापूरच्या पुढे त्याच्या गावी गेले. उजवा खांदा दुखतोय म्हणून फोन होता. हात बाजूनं वर नेताना मध्येच कळ यायची.

“दिवसातनं किती वेळा खाट-खुर्ची करतोस?”

“मोजलं नाही ओ. पंधरा-वीस?”

म्हशीकडं जायचं, दारात कोण आलं बघायचं, परत पडायचं. आई कौतुकानं म्हणाली, “कुणाला हात लावू देत नाही बघा.”

मी खाटेकडं बघितलं. खुर्चीच्या बैठकीपेक्षा चांगली चार बोटं खाली. उतरताना सोपं, पण वर येताना दर वेळी सगळं अंग खांद्यांवर चढवायचं. माझं टेबल मी खुर्चीला समपातळीत लावून ठेवलेलं. चार महिने गोनिओमीटरनं, म्हणजे सांध्याचा कोन मोजायच्या पट्टीनं, त्याच्या खांद्याचे अंश मोजले, वहीत लिहिले. घरची खाट किती उंच आहे, हे एकदाही विचारलं नाही.

सुताराकडून चार ठोकळे करून घ्या म्हटलं. आणि खांदा शांत होईपर्यंत दिवसातनं सहा-सात वेळाच. बाकीच्या वेळी आईला मदतीला घे.

“आधी तुम्हीच म्हटलासा, आपलं आपण कर. आता मोजून कर म्हणता?”

खांदा झिजला तर काय होईल ते सांगितलं. ऐकून घेतलं त्यानं.

“मग म्हशीकडं कोण बघायचं?”

“मी हाय की,” आई म्हणाली. त्यानं तोंड भिंतीकडं फिरवलं.