आवदेशची बोट बंद झाली त्या रात्री

रविवारी दुपारी चारच्या सुमारास आम्ही दोघी माल्टाशेजारच्या गोझो बेटावरच्या इम्जार बंदरावर उतरलो तेव्हा धक्क्यावर एकही गाडी रांगेत उभी नव्हती. माझे बालपण रेवदंड्याला गेले आहे. पावसाळ्यात मांडव्याच्या लाँच बंद होत आणि मुंबईला जायचे तर वळसा घालून रस्त्याने जावे लागे, हे मी लहानपणी पाहिले आहे. त्यामुळे रिकामा धक्का पाहताच बोट बंद झाली आहे हे मला कळले. नाशिकच्या माझ्या मैत्रिणीला मात्र ते पटत नव्हते. समोर पाच-सहा किलोमीटरांवर माल्टा बेट स्पष्ट दिसत होते, एरवी बोट पंचवीस मिनिटांत पोहोचवते, मग एवढ्याशा पाण्याला घाबरायचे कशाला, असे तिचे म्हणणे होते. वारा ईशान्येचा होता. इथले लोक त्याला ‘ग्रिगाल’ म्हणतात आणि हिवाळ्यात तो एकदा सुरू झाला की दोन-तीन दिवस सहसा थांबत नाही. तिकिटाच्या खिडकीपाशी बसलेल्या गृहस्थाने शांतपणे सांगितले की वारा पडेपर्यंत काही सुटणार नाही, बहुधा उद्या सकाळी.

माल्टा विद्यापीठातल्या माझ्या अभ्यासक्रमाचे ते दुसरे सत्र होते. विद्यापीठाच्या मसीदा गावाहून 41 क्रमांकाच्या बसने माल्टाच्या चिरकेव्वा बंदराला जायचे, बोटीने गोझोला उतरायचे आणि दोन दिवसांत बेट पाहून परतायचे, असा साधा बेत होता. गोझोचे स्थानिक नाव ‘आवदेश’ आहे, आणि ते प्रथम ऐकले तेव्हा त्यातला ‘देश’ कानाला इतका ओळखीचा वाटला की त्यानंतर मला गोझो म्हणवेना. शनिवारी आम्ही शारा गावातली जगंतियाची मंदिरे पाहिली. इसवी सनापूर्वी सुमारे 3600 वर्षांची, म्हणजे इजिप्तच्या पिरॅमिडांहून जुनी असलेली ही मंदिरे सान्सुना नावाच्या एका राक्षसिणीने तान्हे मूल खांद्याला बांधून आणि वालासारखे दाणे खाऊन उभी केली, अशी तिथली लोककथा आहे. पन्नास टनांहून जड दगड बाईमाणसाने मुलाला सांभाळत वाहिले, ही कल्पना ज्यांनी केली त्यांनी आपल्या आयाबायांना नीट पाहिले असले पाहिजे. संध्याकाळी द्वेय्राच्या किनाऱ्यावर गेलो. 8 मार्च 2017 रोजी अशाच वादळात समुद्रात कोसळलेली ती प्रसिद्ध दगडी कमान जिथे होती, तिथे आता फक्त लाटा फुटताना दिसतात. रात्री मार्सलफोर्नला एका स्वस्त जागी झोपलो आणि वाऱ्याने खिडक्या वाजत राहिल्यामुळे नीट झोप लागली नाही.

बंदरावरून आम्ही त्याच जागी फोन केला. आदल्या रात्री जी खोली आम्हाला 40 युरोंना मिळाली होती, तिचे त्यांनी आता 120 युरो सांगितले, आणि बोट बंद आहे हे त्यांना आमच्याआधीच ठाऊक होते. शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या दोन मुलींची त्या रकमेत तीन आठवड्यांची भाजी येते. अडलेल्या माणसाकडून तिप्पट पैसे मागण्याला मी व्यवहार म्हणू शकत नाही, आणि त्या दिवसाचा माझा राग अजूनही गेलेला नाही. त्याच सकाळी आम्ही व्हिक्टोरिया या गोझोच्या मुख्य गावातल्या किल्ल्यावर वाचले होते की 1551 साली तुर्की आरमाराने या बेटावरची जवळजवळ सगळी, म्हणजे सुमारे पाच हजार माणसे गुलाम करून नेली, आणि 1637 पर्यंत बेटावरच्या लोकांनी रात्री किल्ल्यात येऊनच झोपावे असा कायदा होता. अंधार पडला की सगळ्यांना एका भिंतीआड घेणारे हेच बेट, असे वाटून मला फार वाईट वाटले.

तेवढ्यात मागून आवाज आला, “बिंती, तुम्ही कुठल्या?” काळा कोट घातलेली, हातातली छत्री वाऱ्यामुळे मिटूनच धरलेली, सत्तरीची एक आजी बाकावर बसली होती. तिचा मुलगा माल्टात नोकरी करतो, तो संध्याकाळच्या बोटीने येणार होता, आणि तो आता पलीकडे चिरकेव्वाला तसाच अडकला होता. तिने त्याला फोन लावला, बराच वेळ मोठ्या आवाजात बोलली, मग फोन पर्समध्ये ठेवून आम्हाला म्हणाली, “तो चुलतभावाकडे झोपतोय. त्याचा पलंग रिकामा आहे आणि त्याचे जेवण तयार आहे. चला.” आम्ही संकोचाने नको म्हणालो. तिने ते ऐकून न ऐकल्यासारखे केले आणि चढ चढायला सुरुवात केली.

तिचे घर बंदराच्या वरच्या अंगाला आइन्सिलेम गावात होते. पिवळसर चुनखडीच्या दगडाची ही घरे उन्हाळ्यात जितकी सुखाची, तितकीच हिवाळ्यात बोचरी, कारण भिंती ओल धरतात आणि घर गरम ठेवण्याची काही सोय नसते. तिने स्वयंपाकघरात सिलिंडरवर चालणारी शेगडी पेटवली, आमचे ओले मोजे तिच्यासमोर खुर्चीच्या पाठीवर पसरले आणि मैत्रिणीला सांगितले, “इल-बीब लाव.” तिने दाराकडे बोट दाखवले म्हणून कळले. बीब म्हणजे दार. अरबीतला ‘बाब’. आपण मराठीत ‘ही बाब महत्त्वाची आहे’ म्हणतो तो शब्दही त्याच अरबी बाबमधून आला आहे, दार आणि प्रकरण असे दोन्ही अर्थ असलेल्या शब्दातून. माल्टीज ही रोमन लिपीत लिहिली जाणारी, मुळात अरबी घराण्यातली भाषा आहे हे मला वर्गात शिकवले होते, पण ते खरे कळले या स्वयंपाकघरात. नवरा जाऊन अकरा वर्षे झाली हे सांगताना ती ‘सेना’ म्हणाली, तेव्हा मी आपल्या ‘सन 1674’ मधला सन ओळखला. आणि ‘बिंती’, म्हणजे माझी मुलगी, हा शब्द तर आजोबांच्या जुन्या सातबाऱ्यावरच्या ‘गणू बिन रामा’ या नावातल्या ‘बिन’ची बहीणच. मी तिला हे तिन्ही शब्द कागदावर लिहून दाखवले. देवनागरीतल्या ‘सन’वर तिने बराच वेळ बोट फिरवले आणि वरची रेघ कशासाठी असते ते विचारले.

जेवायला सूप होते. बटाटे, फ्लॉवर, गाजर, कांदा मऊ शिजवून त्यात शेवटी प्रत्येकासाठी एक अंडे फोडून सोडलेले आणि वर मेंढीच्या दुधाच्या ताज्या चीजची एक छोटी गोल वडी, जिला तिथे ‘जबेयना’ म्हणतात. वडी गरम रश्श्यात हळूहळू विरघळत होती आणि चमच्याने तोडली की आतून आपल्या पनीरहून मऊ, किंचित खारट निघत होती. या सुपाचे नाव ‘सोप्पा तल-आर्मला’, म्हणजे विधवेचे सूप. मांस परवडत नसलेल्या घरी जे असेल त्यात हे होते, म्हणून हे नाव, असे तिने सांगितले. नाव ऐकून मी गप्प झाले. माझी आजी आजोबांनंतर बावीस वर्षे जगली, आणि आमच्याकडे तिच्या नावाने कुठला पदार्थ असण्याची गोष्ट सोडाच, तिला सणाच्या पंगतीत पुढे बसवायलाही लोक काचकूच करत. इथे मात्र त्या शब्दाला कोणी आडोशाला ठेवले नव्हते. तो शब्द ती स्वतः, वाढत असताना, सहज उच्चारत होती.

आदल्याच आठवड्यात 10 फेब्रुवारीला ख्रिस्ती धर्मप्रचारक सेंट पॉलच्या, माल्टाच्या किनाऱ्यावर झालेल्या जहाजाच्या अपघाताचा सण झाला होता. तिने बायबलमधला तो भाग तोंडपाठ सांगितला: वादळात जहाज फुटले, माणसे पोहत किनाऱ्याला लागली, पाऊस आणि थंडी होती, म्हणून बेटावरच्या लोकांनी त्यांच्यासाठी आग पेटवली. “आमच्याकडे हे आधीपासूनच आहे,” एवढे म्हणून तिने शेगडीची ज्योत वाढवली. रात्रभर वारा झडपांवर आदळत होता, तरी मी आदल्या रात्रीपेक्षा गाढ झोपले.

सोमवारी दहाच्या सुमारास बोटी सुरू झाल्या. पैशांचे नाव काढताच तिचा चेहरा पडला, म्हणून मी तो विषय सोडला. माझ्याकडे देण्यासारखे काही नव्हते, म्हणून पिशवीतला आईने पाठवलेला गोडा मसाल्याचा डबा तिला दिला आणि तो सुपात नव्हे, तर वाटाण्याच्या किंवा वालाच्या उसळीत घालायचा, हे हातवारे करून समजावले. तिने आमच्या पिशवीत मिरी लावलेल्या वाळलेल्या जबेयनांची पुडी कोंबली. गोझोला जाताना बोटीचे तिकीट काढावे लागत नाही, ते परतताना काढायचे असते, त्यामुळे जाण्यायेण्याचे 4.65 युरो मी त्या सकाळी इम्जारच्या खिडकीवर दिले.

निघताना तिने एका चिठोऱ्यावर फोन नंबर लिहून दिला होता. उचलणार नाही, पैसे घालवू नकोस, पोहोचलीस की दोनदा वाजव आणि ठेवून दे, असे तिने बजावले होते. चिरकेव्वाच्या धक्क्यावर उतरल्यावर, आईला फोन करण्याआधी, मी तो नंबर लावला, दोन वेळा वाजू दिला आणि ठेवून दिला.