कान्हेरी: पोढीच्या मागावर एक दिवस

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येणारे बरेच जण कान्हेरी तासा-दीड तासात उरकतात. बसमधून उतरायचं, तीन नंबरच्या लेण्यातल्या उंच बुद्धमूर्तींसमोर फोटो काढायचा, चार पायऱ्या चढून धाप लागली की खाली. आमच्या गटानं हा दिवस वेगळा आखला होता. डोंगरावर पडणारं पाणी दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनी कसं वळवलं आणि कुठं साठवलं, हे बघत चढायचं. इथं १०९ लेणी आहेत. सगळी एका दिवसात नीट बघून होत नाहीत. पाण्याचा माग धरला की पंधरा-वीस लेण्यांत डोंगर समजायला लागतो.

आधी दिवस आणि महिना. उद्यान आणि लेणी दोन्ही सोमवारी बंद असतात, आणि दर सोमवारी गेटवरून परत फिरणारी कुटुंबं दिसतात. रविवारी गर्दी इतकी की पायऱ्यांवर थांबून काही बघता येत नाही. मंगळवार ते शुक्रवार उत्तम. महिन्याचं म्हणाल तर पोढ्या, म्हणजे कातळात खोदलेली पाण्याची टाकी, बघायला ऑक्टोबरसारखा काळ नाही: पाणी काठोकाठ, शेवाळ सुकायला लागलेलं, डोंगर अजून हिरवा. जुलै-ऑगस्टमध्ये कातळातल्या पन्हळी वाहताना दिसतात, तेही बघण्यासारखंच. पण तेव्हा चालण्याचा वेग निम्मा धरावा आणि मुलं, आजी-आजोबा बरोबर असतील तर तीन नंबरच्या लेण्याच्या वर जाऊ नये. मार्च ते मे कातळ तापतो. अकरानंतर खालून धग आणि वरून ऊन, मध्ये सावली फक्त लेण्यात.

बोरिवली स्टेशनला पूर्वेला उतरून गेटपर्यंत चालत पंधरा-वीस मिनिटं लागतात. मेट्रोनं आलात तर ‘राष्ट्रीय उद्यान’ याच नावाचं स्टेशन आहे. तिकिटं दोन लागतात, इथं पुष्कळांचा गोंधळ होतो. गेटवरचं तिकीट वनखात्याचं, ते उद्यानात शिरण्यापुरतं. लेण्यांच्या पायथ्याशी पुन्हा वेगळं तिकीट, ते भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं; पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिथं तिकीट नाही. दुसरं तिकीट मोबाइलवर काढणार असाल तर घरून किंवा गेटवर असतानाच काढा, आत झाडीत नेटवर्क दगा देतं. थोडे सुटे पैसे खिशात असू द्यावेत.

गेटपासून कान्हेरी साधारण सहा-सात किलोमीटर. आतून बस मिळते, भाड्याच्या सायकली मिळतात, चालतही जाता येतं. आमचं मत स्पष्ट आहे: जाताना बस, येताना चालत. शेवटचा टप्पा चांगलाच चढाचा आहे, आणि तो पायी चढून आलं की लेण्यांच्या पायऱ्यांसाठी गुडघ्यात काही उरत नाही. सायकलवाल्यांची गाडी त्याच चढावर अडते. गिअरची सायकल नसेल तर शेवटचं अंतर हातानं ढकलत न्यावी लागते, आणि उतारावर भाड्याच्या सायकलीच्या ब्रेकवर भिस्त ठेवणं धोक्याचं. घ्यायचीच असेल तर निघण्याआधी दोन्ही ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलून बघा. चाक फिरलं तर ती सायकल परत द्या.

सामानात माणशी दोन लिटर पाणी, स्टीलच्या बाटल्यांत. एक छोटी टॉर्च, मोबाइलची वेगळी. खोल खाचांचा रबरी तळ असलेले बूट. झिजलेल्या तळाचे स्पोर्ट्‌स शूज ओल्या कातळावर चपलेइतकेच वाईट. पाठीवरची सॅक चेनची हवी, कारण माकडं. कान्हेरीची माकडं खाणं शोधत नाहीत, प्लॅस्टिकच्या पिशवीचा आवाज शोधतात. हातात पिशवी लोंबत असली की ती रिकामी असो की भरलेली, झडप येते. आलीच तर पिशवी सोडून द्यावी. ओढाओढीत नखं लागतात आणि मग दिवसाचा शेवट रेबीजच्या इंजेक्शनांसाठी दवाखान्यात होतो. डबा लेण्यांवर उघडूच नका. निघण्याआधी बोरिवलीत पोटभर नाश्ता करा आणि जेवण खाली उतरल्यावर. स्वच्छतागृहाचं कामही पायथ्याशीच उरकून घ्यावं, वर कुठेही सोय नाही.

पायऱ्या चढून आलं की सुरुवातीला एक, दोन, तीन नंबरची लेणी. तीन नंबरचा चैत्य, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृह, सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळातला, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धातला. आत ३४ खांब आहेत. पुढच्या काहींवर घट, हत्ती, माणसं कोरली आहेत आणि बाकीचे साधे अष्टकोनी सोडलेत. छताकडे मान वर करून बघा, लाकडी कमानी अडकवण्याच्या खोबण्या अजून दिसतात. व्हरांड्यातल्या दोन्ही टोकांच्या उंच बुद्धमूर्ती मात्र नंतरच्या, पाचव्या-सहाव्या शतकातल्या. सगळा लोंढा इथंच असतो, त्यामुळे इथं वीस मिनिटांहून जास्त घालवू नका. परतताना दुपारी हाच चैत्य शांत मिळतो.

आता पाणी. तीन नंबरपासून वर निघाल्यावर कुठल्याही लहान विहारासमोर, म्हणजे भिक्षूंच्या राहण्याच्या लेण्यासमोर, थांबा. अंगणाच्या एका बाजूला, भिंतीच्या पोटात, चौकोनी तोंडाचं टाकं असतं. हीच पोढी. कान्हेरीच्या ब्राह्मी लेखांत ‘पानियपोढी’ हा शब्द पुन्हा पुन्हा येतो: अमक्यानं लेणं दिलं आणि पाण्याची पोढी दिली. देणारे कोण, तर कल्याणचे, सोपाऱ्याचे, चेऊलचे व्यापारी, सोनार, लोहार. आज ज्या गावांना लोकलनं किंवा एसटीनं जाता येतं, तिथल्याच माणसांनी या डोंगरावर पाण्याची सोय केली. दान लेण्याचं आणि पाण्याचं एका ओळीत लिहिलंय, कारण पाण्याशिवाय त्या खोलीला काही किंमत नव्हती. इथं चार महिन्यांत दोन हजार मिलीमीटरहून जास्त पाऊस कोसळतो आणि उरलेले आठ महिने जवळजवळ थेंब नाही. कातळ पाणी पीत नाही. जे अडवाल तेच वर्षभराचं.

अडवलं कसं, ते एका जागी उभं राहून बघण्यासारखं आहे. पोढीकडे पाठ करा आणि लेण्याच्या दर्शनी भागाच्या वर, कपाळावर बघा. कातळात बोटभर ते वीतभर रुंदीची पन्हळ खोदलेली दिसेल, एका बाजूला किंचित उतरती. वरच्या उतारावरून येणारं पाणी दारावर धारा धरून पडू नये म्हणून ती पन्हळ पाणी बाजूला नेते, आणि ते थेट टाक्याच्या दिशेला उतरतं. म्हणजे लेणं कोरडं राहतं आणि टाकं भरतं, दोन्ही कामं एकाच खोबणीनं. मग पोढीच्या तोंडाशी वाका. कडेला आतल्या बाजूनं एक खाच काढलेली असते. लाकडी झाकण नेमकं बसावं म्हणून. झाकणाखाली कचरा पडत नाही, ऊन लागत नाही, पाणी उडून जात नाही. छिन्नीचे तिरके घाव त्या खाचेत अजून मोजता येतात. अशी पाच-सहा लेणी बघितली की सातव्या लेण्यासमोर उभं राहताच डोळा आपोआप आधी वर पन्हळीकडे आणि मग खाली टाक्याकडे जातो.

इथं मुलांच्या बाबतीत एक गोष्ट गांभीर्यानं. पोढ्यांची तोंडं बऱ्याच ठिकाणी उघडी आहेत. हिवाळ्यात पाण्यावर धूळ आणि पाचोळ्याचा थर बसतो आणि तो लांबून अंगणाच्या फरशीसारखा दिसतो. खोली वरून कळत नाही आणि आतल्या भिंती सरळ कापलेल्या आहेत, चढून यायला आधार नाही. दहा वर्षांखालच्या मुलाचा हात प्रत्येक अंगणात धरूनच ठेवा. हे पाणी पिऊही नये.

अकरा नंबरचं लेणं चुकवू नका. दरबार म्हणतात ते हेच. आत जमिनीलगत दोन लांब दगडी बाकं समांतर धावतात. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातले, नवव्या शतकातले लेख कान्हेरीत आहेत, म्हणजे सातवाहनांपासून इथवर जवळपास सातशे वर्षं या डोंगरावर राबता होता. ४१ नंबरला अकरा मुखांचा अवलोकितेश्वर बोधिसत्त्व आहे. ९० नंबरला पहलवी या जुन्या इराणी लिपीतले लेख आहेत, १००९ आणि १०२१ सालचे. इथं येऊन गेलेल्या पारशी पाहुण्यांनी आपली नावं कोरून ठेवली आहेत. लेख वाचायचे नसले तरी बघायचे असतील तर टॉर्च समोरून मारू नका, अक्षरं सपाट होऊन दिसेनाशी होतात. टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून बाजूनं प्रकाश टाका, खोदलेल्या प्रत्येक रेघेत सावली भरते आणि ओळ उठून येते. हात लावू नका. अंधाऱ्या खोल्यांत वटवाघळं असतात, तिथं छताकडे प्रकाश नको.

वरच्या टप्प्यांवर जायला कातळातच पायऱ्या खोदल्या आहेत. अपघात होतात ते बहुधा उतरताना, दुपारी, पाय थकल्यावर. पायरीचा मधला भाग शतकानुशतकं झिजून गुळगुळीत झालाय. काळपट हिरवी चकाकी दिसली तिथं पाय ठेवू नका. छिन्नीचे घाव शाबूत आहेत तिथं पाय पकडतो. अंग तिरकं करून, एकेक पायरी. पावसाळ्यात लेण्यांमधल्या ओढ्यात पाय सोडून बसण्याचा मोह होतो, तो टाळा. चारी बाजूंचा उघडा कातळ पाणी लगेच खाली सोडतो, त्यामुळे वर जोराची सर आली की ओढा बघता बघता चढतो, आणि तुम्ही उभे असाल तिथं कदाचित पाऊसही नसेल.

साडेसातला गेटवर, नऊच्या आसपास लेण्यांवर, साडेबारा-एकपर्यंत उतरायला सुरुवात, असं वेळापत्रक जमतं. उतरताना रस्त्याकडेला पाड्यांवरच्या बायका काकडी, पेरू, आवळे, हंगामात बोरं आणि करवंदं घेऊन बसतात. काकडी तिथंच चिरून मीठ लावून घ्या. पिशवी मागू नका, वाटेतही माकडं आहेत.

परतीचा रस्ता पूर्ण उताराचा, दीड तासाचा, आणि झाडं बघायला सुरेख. साग आणि ऐन तर सगळीकडे. ऐनाचं खोड मगरीच्या पाठीसारखं भेगाळलेलं, एकदा ओळखलं की विसरत नाही. जानेवारीपासून काटेसावर, मग पळस आणि पांगारा फुलतात. कारवी इथं आठ वर्षांनी फुलते; २०१६ आणि २०२४ साली फुलली, म्हणजे पुढचा बहर २०३२ च्या सुमाराला. रस्ता सोडून आत शिरू नका. हे संरक्षित जंगल आहे, परवानगीशिवाय पायवाटांवर जाणं हा गुन्हा आहे. उद्यानातलीच शिलोंढ्याची जंगलवाट बघायची असेल तर निसर्ग माहिती केंद्रातून परवानगी आणि वाटाड्या घेऊन, वेगळा दिवस काढून जा. बिबट्या सहसा माणसाच्या वाटेला येत नाही, पण संध्याकाळ त्याची असते. लहान मुलांना मोठ्यांच्या मध्ये ठेवा, पुढे पळू देऊ नका, आणि चार वाजता तुम्ही गेटच्या जवळ असलं पाहिजे.

चालायचं नसेल तर कान्हेरीच्या थांब्यावर उतरल्या उतरल्याच परतीच्या शेवटच्या बसची वेळ विचारून ठेवा. आडवारी बस भरल्याशिवाय हलत नाही, त्यामुळे शेवटच्या बसच्या आधीची बस धरायची, असं ठरवूनच डोंगर उतरा.